पायरेट्सकडे इतके गुणी तरुण पिचर आहेत, मग संघ का हरतो?

प्रश्न: पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या फार्म सिस्टीममध्ये तरुण पिचरांची (चेंडू फेकणाऱ्यांची, म्हणजे तिथल्या गोलंदाजांची) रांग लागली आहे, असं वर्षानुवर्षं ऐकतोय. ही फार्म सिस्टीम चालते कशी? आणि इतके पिचर हाताशी असून संघ तळाला का?

उत्तर:

पिट्सबर्गमध्ये राहतो, त्यामुळे हा प्रश्न ऑफिसपासून देवळाच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे कानावर पडतो. आधी सरळ उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. पायरेट्सना पिचर घडवता येतात, फटके मारणारे घडवता आलेले नाहीत. आणि तयार फलंदाज विकत घ्यावेत, तर पगारावर खर्च करण्यात हा संघ कायम शेवटच्या काही संघांत असतो. २०२५ चे आकडे बघा. पॉल स्कीन्सचा ईआरए, म्हणजे दर ९ इनिंग्जमागे (बेसबॉलचा एक सामना ९ इनिंग्जचा) त्याच्या खात्यावर लागलेल्या धावा, होता १.९७. त्याला त्या वर्षीचा नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, एकमताने मिळाला. आणि त्याच्या नावावर (सामन्याचा निकाल तिथे पिचरच्याही नावावर मांडतात) विजय किती? १०. पराभव? तेही १०. संघ ७१ सामने जिंकला, ९१ हरला, आणि धावा काढण्यात ३० संघांत शेवटचा आला. समोरच्याला दोन धावांवर रोखायचं आणि आपल्या संघाने एकच काढायची, हे त्या बिचाऱ्याने वर्षभर सोसलं.

आता फार्म सिस्टीम. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या, प्रत्येक संघाच्या हाताखाली मायनर लीगचे, म्हणजे खालच्या पातळ्यांचे, चार संघ असतात, पूर्ण हंगाम खेळणारे. पायरेट्सचे खालून वर असे: फ्लोरिडातलं ब्रेडेंटन, नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबोरो, इथून दोनेक तासांवरचं अल्टूना, आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए म्हणजे इंडियानापोलिस. त्याच्याही खाली नवख्या पोरांची कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. अमेरिकन मुलं जुलैतल्या ड्राफ्टमधून (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यातून) येतात, एकतर हायस्कूल संपवून अठराव्या वर्षी नाहीतर कॉलेजातून विशी ओलांडल्यावर. लॅटिन अमेरिकेतली मुलं ड्राफ्टमध्ये नसतात, त्यांच्याशी सोळाव्या वर्षीच करार होतात.

पैशांची तफावत भयंकर आहे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या स्कीन्सला नुसत्या सहीचे ९२ लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला. मेजर लीगचा २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर. इंडियानापोलिस ते पिट्सबर्ग विमानाने तासाभराचा प्रवास, पण त्यात पगार वीसपटीने वाढतो.

आता मुद्द्याचं. इतके पिचर लागतात तरी कशाला? कारण ते मोडतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, आणि तिथे वेगवान गोलंदाजाची पाठ जाते. बेसबॉलमध्ये अशी काही अट नाही. पिचर कोपर वाकवून हात चाबकासारखा सोडतो आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या अस्थिबंधावर येतो. तो फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली, शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून कोपरात बसवला. त्याआधी अशा दुखापतीनंतर कारकीर्द संपायची. आता वर्ष-दीड वर्षाने पिचर परत उभा राहतो, पण विशीतलं दीड वर्ष गेलं ते गेलंच.

पायरेट्सचं २०१० हे वर्ष मला यासाठी फार बोलकं वाटतं. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी तीन तरुण पिचरांवर मिळून कोटभर डॉलरच्या वर पैसे लावले. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर जेम्सन टायोन, ६५ लाख. दुसऱ्या फेरीत ओहायोचा स्टेट्सन ॲली, साडेबावीस लाख. मेक्सिकोचा सोळा वर्षांचा लुईस एरेडिया, २६ लाख. ॲली ताशी शंभर मैलांनी फेकायचा, पण चेंडू कुठे जाईल ते त्यालाही सांगता येत नसे. दोन वर्षांत त्याला पिचिंग सोडायला लावून बॅट हातात दिली गेली. तो मेजर लीगपर्यंत पोचला नाही, एरेडियाही नाही. टायोन पोचला, पण कसा? २०१४ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, २०१५ मध्ये हर्निया, जून २०१६ मध्ये पदार्पण, २०१७ मध्ये वृषणाचा कर्करोग आणि त्यातून पाचेक आठवड्यांत पुन्हा मैदानावर, मग २०१९ मध्ये कोपराची दुसरी शस्त्रक्रिया. तरीही तो टिकला, नंतर न्यूयॉर्क आणि शिकागोसाठी खेळला. तिघांमधला 'यशस्वी' हा!

म्हणून वर्तमानपत्रात "अमक्या संघाकडे आठ जबरदस्त पिचर तयार होताहेत" असं वाचलं की मी मनात दोन-तीन धरतो. आणि ते दोन-तीन कोण, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. पुढे नावाजलेला टायलर ग्लासनाउ २०११ मध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला होता. ब्रॅक्स्टन ॲशक्राफ्टला २०१८ मध्ये निवडलं. मध्ये २०२० चा मायनर लीगचा अख्खा हंगाम कोविडने खाल्ला, २०२१ मध्ये कोपर गेलं, आणि पदार्पण झालं ते मे २०२५ मध्ये. सात वर्षं! एवढ्यात आपल्याकडे पोरगं बारावी, इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलेलं असतं. जेरेड जोन्सचं उलटं झालं. २०२० मध्ये हायस्कूलमधून निवडलेला, ३० मार्च २०२४ ला पहिल्याच सामन्यात त्याने १० जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. गावभर चर्चा. मे २०२५ मध्ये तोही कोपराच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

हे सगळं माहीत असल्यामुळे संघ या पोरांना जपून वापरतात, आणि प्रेक्षकांचा संताप होतो. स्कीन्सचंच घ्या. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडून २०२३ च्या हंगामात त्याने २०९ स्ट्राइकआउट घेतले आणि संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर पायरेट्सने त्या वर्षी त्याला जेमतेम सात इनिंग्ज टाकू दिल्या. २०२४ ला इंडियानापोलिसमध्ये सात सामन्यांत ४५ स्ट्राइकआउट, ईआरए ०.९९, तरी सरासरी चार इनिंग्ज झाल्या की बाहेर. मायनर लीगमध्ये मंगळवार ते रविवार सामने आणि सोमवारी सुट्टी, त्यामुळे पिचरची पाळी साधारण आठवड्यातून एकदा येते. वर मात्र पाचव्या-सहाव्या दिवशी उभं राहावं लागतं. शरीराला ती सवय हळूहळू लावावी लागते, हे मला पटतं.

पण प्रत्येक उशिरामागे शरीराचंच कारण असतं असं समजू नका. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष सेवा धरली जाते आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा, कुठल्याही संघाशी करार करू शकतो. मग काही आठवडे उशिरा बोलावलं तर संघाला तो खेळाडू आणखी एक वर्ष स्वस्तात मिळतो. स्कीन्सला ११ मे २०२४ ला बोलावलं तेव्हा ते दिवस भरणार नव्हते. पण तो वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला आणि नव्या नियमाप्रमाणे त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळाली, याचा मला आजही आनंद आहे. बबा चँडलरच्या बाबतीत दोन्ही बाजू खऱ्या होत्या. जॉर्जियाचा हा मुलगा क्लेमसन युनिव्हर्सिटीत अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक होणार होता. पायरेट्सने २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडून ३० लाख डॉलरला त्याला वळवलं. २०२५ च्या सुरुवातीला तो इंडियानापोलिसमध्ये तुफान टाकत होता, तरी त्याला वर आणलं नाही, आणि लोकांनी संघाला कंजूष म्हटलं. मग त्याचे वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारे बेस) वाढले आणि संघाला सबब मिळाली. शेवटी २२ ऑगस्टला आला, चार इनिंग्ज एकही धाव न देता टाकल्या.

आपला एक धागाही याच संघाशी जोडलेला आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात भरवलेल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून त्यांना अमेरिकेत नेलं गेलं आणि त्या नोव्हेंबरमध्ये पायरेट्सनेच त्यांच्याशी करार केला. दोघांनी त्याआधी बेसबॉल पाहिलाही नव्हता. पटेल २०१० च्या शेवटी घरी परतला. डावखुरा रिंकू मात्र वेस्ट व्हर्जिनियातल्या ए पातळीच्या संघापर्यंत चढला, मग दुखापतींनी अडवला, आणि पुढे डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये 'वीर महान' म्हणून गाजला. लोक याला गंमत म्हणून सांगतात. बारा-तेरा वर्षांपासून हाच खेळ खेळणारी मुलं जिथे गळतात, तिथे विशीत पहिल्यांदा चेंडू धरलेला मुलगा दोन पायऱ्या चढला, ही माझ्या मते गंमत नव्हे.

तर तळाला का, याचं उरलेलं उत्तर व्यवहारात आहे. टिकाऊ नसलेला माल साठवून ठेवू नये, भाव आहे तोवर त्यातला थोडा देऊन आपल्याकडे नसलेलं घ्यावं. पायरेट्स त्याला घाबरतात, आणि घाबरण्याचं कारणही आहे. २०१८ च्या जुलैत त्यांनी ग्लासनाउ, फलंदाज ऑस्टिन मेडोज आणि पिचर शेन बाझ असे तिघे देऊन टँपा बेकडून पिचर ख्रिस आर्चर घेतला. तो व्यवहार इथे अजून शिवीसारखा उच्चारला जातो. २०२४ मध्ये क्विन प्रीस्टर या पिचरला बोस्टनला दिलं, तिथून तो मिलवॉकीला गेला आणि २०२५ मध्ये १३ विजय, ३ पराभव करून बसला. पण गंमत बघा, आर्चरच्या व्यवहारात चूक पिचर देण्याची नव्हती. पिचर देऊन पुन्हा पिचरच घेतला, ही होती.

डिसेंबर २०२५ मध्ये अखेर त्यांनी हिंमत केली. माइक बरोज, २०१८ च्या अकराव्या फेरीतला, कोपराच्या शस्त्रक्रियेतून परत येऊन संघात जागा मिळवलेला, त्याला ह्यूस्टनला दिलं आणि तीन संघांच्या त्या व्यवहारात टँपा बेकडून ब्रँडन लाऊ घेतला, ज्याने २०२५ मध्ये ३१ होमरन मारले होते. बरोज मला आवडायचा, अल्टूनाला असल्यापासून. तरी हा व्यवहार मी डोळे मिटून केला असता, आणि दोन वर्षं आधी केला असता.