पुनरुत्थान, पुनर्जन्म आणि आपले साधे ‘उठणे’

मिरजेच्या एका वाचकांनी विचारले आहे की, ईस्टरच्या फलकांवर ‘येशूचा पुनर्जन्म’ असे छापलेले आढळते ते चालेल काय, आणि ‘पुनरुज्जीवन’ व ‘पुनरुत्थान’ यांत फरक कोणता.

‘पुनर्जन्म’ मुळीच चालणार नाही. पुनर्जन्मात जुना देह सुटून नवा मिळतो, तर ईस्टरचा सारा विश्वास कबर रिकामी सापडली यावर उभा आहे. मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली जिथे रुग्णालय काढले त्या मिरजेत तरी हा घोटाळा होऊ नये. पण फलक रंगवणारे ‘पुर्नजन्म’ लिहून रफारही भलत्याच अक्षराच्या डोक्यावर ठेवतात, तेव्हा अर्थाची तक्रार कोणाकडे करावी? येशूने मेलेल्यातून जिवंत केलेल्या लाजाराचे झाले ते पुनरुज्जीवन, कारण त्याला पुढे पुन्हा मरायचे होतेच; पुनरुत्थानानंतर मरण नाही. (आपल्याकडे ते बंद पडलेल्या साखर कारखान्यांचेही होते.)

खरी गंमत ‘उत्थाना’त आहे. उद् आणि स्था एकत्र आले की पाणिनीच्या ‘उदः स्थास्तम्भोः पूर्वस्य’ या सूत्राने ‘स’ मावळतो आणि ‘उत्थान’ उरते. त्याच धातूपासून प्राकृताच्या वाटेने आपले ‘उठणे’ आले, ‘उठाव’ आला आणि अंगावरचे ‘उठाणू’सुद्धा आले. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये पुनरुत्थानाला ‘अनास्तासिस’ म्हणतात, आणि त्यातला ‘स्ता’ हा आपल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ आहे.

म्हणूनच ‘पुनरुत्थान हा इंग्रजीवरून बेतलेला जड शब्द आहे, तो टाकून द्या’ असे सांगणाऱ्या पंडितांचे मला आश्चर्य वाटते. इंग्रजी ‘रेझरेक्शन’ ज्या लॅटिन धातूपासून निघाला तो सरळ करण्याचा, आपल्या ‘ऋजु’च्या गोतातला आहे, त्यात ‘स्था’चा मागमूसही नाही. या बाबतीत मराठी शब्द इंग्रजीपेक्षा मुळाला अधिक जवळ आहे, हे कोश उघडण्याची तसदी घेतली असती तर त्यांनाही दिसले असते.

माझे मत याही पुढचे आहे. ग्रीकमध्ये या प्रसंगी दोन क्रियापदे येतात, एक झोपेतून जागे होण्याचे आणि दुसरे उभे राहण्याचे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याइराच्या मृत मुलीला येशू ‘तलीथा कूम’ (‘मुली, ऊठ’) म्हणतो, त्याचा अर्थ देताना पहिले येते, आणि ती लगेच उठून चालू लागते तेथे दुसरे. मराठीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘उठणे’च चपखल बसते, कारण आपण अंथरुणातूनही उठतो आणि पाटावरूनही उठतो. ख्रिस्ती कुटुंबांत मृताविषयी ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असे म्हणतात आणि ईस्टरच्या पहाटे ‘प्रभू उठला आहे’ या अभिवादनाला ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर देतात. ही दोन वाक्ये एकाच कल्पनेची दोन टोके आहेत, हे ‘पुनर्जन्म’ लिहिणाऱ्याला कळणेच शक्य नाही.

फलकावर ‘पुनरुत्थान’ लिहावे, ‘रु’ ऱ्हस्व ठेवावा. जागा अपुरी पडली तर ‘प्रभू उठला आहे’ एवढे पुरेल.