वाचकांचे प्रश्न : तुतीच्या स्टिकला पत्रा ठोकू का?

प्रश्न : वडिलांची तुतीच्या लाकडाची हॉकी स्टिक घरात आहे. हूकवर, म्हणजे खालच्या वळलेल्या भागावर, दोरा गुंडाळलेला आहे आणि टाचेपाशी, वळण सुरू होतं तिथे, उभी चीर गेली आहे. आयर्लंडच्या हर्लिंग या खेळातल्या काठीला पत्र्याची पट्टी ठोकतात, तशी ठोकली तर चालेल का? मुलगी हीच स्टिक घेऊन खेळायचं म्हणते.
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पत्रा अजिबात ठोकू नका. हॉकीच्या नियमांत स्टिकला धातू चालत नाही. शिवाय खिळ्याने चीर वाढेल.

हर्लिंगची गोष्ट वेगळी. ती काठी ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्यातून, मूळ जिथे बाहेर वळतं तिथून कापतात, म्हणून लाकडाची रेषा काठीच्या रुंद पात्याबरोबर वळते. पातं फाटू नये म्हणून टोकाला पत्रा. ॲशला बुरशीचा रोग लागल्यापासून तिथे बांबूच्या आणि कृत्रिम काठ्याही आल्या आहेत.

आपला हूक वाफेवर वाकवलेला असतो. तुतीचं लाकूड चिवट, म्हणून ते आखूड वळण सोसतं. हँडल वेताचं, मध्ये रबराच्या पट्ट्या, आणि जोड पाचरीसारखा. पूर्वी सरस आणि दोरा एवढाच आधार असे. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. त्या खरखरीत मैदानावर हूकचं लाकूड खालून झिजायचं. मग काचतंतूचं (फायबरग्लासचं) आवरण आलं, पुढे कार्बन.

आता दुरुस्ती. आधी जोड तपासा : हँडल पिळल्यावर करकरलं तर स्टिक भिंतीवरच शोभेल. जोड घट्ट आणि चीर रेषेच्या दिशेने असेल तर वाचेल. दोरा, जुनं वार्निश खरवडा, ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. जवसाचं तेल मुरलेलं असेल तर तेवढा भाग नीट घासा; तेलावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा डिंक) धरत नाही. आठवडाभर सावलीत वाळवा. ग्वाल्हेरच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवाल तर चीर आणखी फाकेल.

सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांवालं आत मुरायच्या आधीच धरतं. लाकूड हेअर ड्रायरने कोमट करा, चिरेत भरा, वर प्लास्टिक आणि त्यावर सायकलची ट्यूब करकचून गुंडाळा. २४ तासांनी सोडा. मग २५ मिमी काचतंतूची पट्टी, प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धा चढवत, दोन थर. चिरेच्या वर-खाली पाच-पाच सेंटीमीटर जाऊ द्या. घासताना मास्क लावाच, ती धूळ फार वाईट.

शेवटी पुठ्ठ्यात ५१ मिमी व्यासाचं भोक पाडून स्टिक त्यातून जाते का पाहा. पट्टी गुंडाळली तिथेच जाडी वाढते आणि पंच हरकत घेतात. वजन ७३७ ग्रॅमच्या आत हवं.

मुलीने या स्टिकने अंगणात ड्रिबलिंग करावं. मैदानासाठी कमी कार्बनची स्टिक द्या. जास्त कार्बनची ताठ असते, चेंडू थांबवताना उसळतो.