वसुबारसेपासून उलटं मोजा

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, सुट्टी फक्त रविवारची. दरवर्षी अनारसे, चकली, चिवडा, लाडू, करंज्या सगळं शेवटच्या दोन दिवसांवर येतं आणि पहिल्या आंघोळीला अंगात त्राण उरत नाही. फराळ विकत आणायचा नाहीये. काय आधी करावं, काय नंतर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, वसुबारसेपासून उलटं मोजा. सगळ्यात आधी अनारसे, कारण त्यात हाताचं काम थोडं आणि थांबणं फार. दहा दिवस आधी जुना तांदूळ भिजत घाला (नवा चिकट होतो). तीन दिवस रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसरा, हाताला जरा दमट लागतोय तोवरच दळा आणि बारीक चाळणीने चाळा. पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ, चमचाभर तूप घालून घट्ट गोळा करा. चार-पाच दिवस डब्यात मुरू द्या.

त्याच आठवड्यात चकलीची भाजणी : ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, मूग आणि उडीद डाळ प्रत्येकी १ वाटी, पाव वाटी धणे, २ चमचे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन वाळवा. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजलं तर जिरे करपतात आणि तांदूळ कच्चाच राहतो. गिरणीत गव्हावर दळू नका म्हणून आवर्जून सांगा.

तळण दिवाळीआधीच्या रविवारी उरकून टाका. ताज्या तेलात आधी शंकरपाळे, मग चकल्या, शेव सर्वांत शेवटी, कारण बेसनाचा चुरा तळाशी जळून तेल काळं करतो. चिवडा आणि बेसनाचे लाडू कामाच्या दिवशी एकेका संध्याकाळी होतात. ओल्या नारळाचे रव्याचे लाडू मात्र आदल्या दिवशीच. ते टिकत नाहीत. करंज्या एकटीने करूच नका. एकाने लाटायच्या, एकाने भरायच्या, एकाने तळायच्या, आणि भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, नाहीतर पारी सुकून तेलात फुटते.

प्रश्न : अनारसे तुपात हसतात, पार विरघळतात.

उत्तर : गूळ जास्त झालाय किंवा पीठ सैल आहे. आधी एकच तळून बघा. हसला तर बाकीच्या पिठात चमचा-चमचा तांदळाचं पीठ मळत जा आणि पुन्हा एक तळा. खसखशीची बाजू वर ठेवा, उलटू नका, मंद आचेवर झाऱ्याने वरून तूप उडवत राहा.

प्रश्न : चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

उत्तर : बहुतेक वेळा त्या लवकर काढल्या जातात. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा, पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. २ वाट्या भाजणीला २ मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन पुरतं. त्याहून वाढलं की चकली तेलातच मोडते.