ध्येयाचा कागद आणि हजेरीची वही

(दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. मुलगा २३ वर्षांचा, बी.ए., विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलेला. त्याला कोच व्हायचंय, वडिलांना त्याने पोलीस व्हावं असं वाटतं. ‘पोट्ट्याले समजावा सर. पोरी गोया करून कबड्डी खेयवते, गाव हासते मले.’)

भाऊ, नमस्कार.

मार्क, वय, जमीन, सगळं नीट लिहिलंत. मी अडकलो ते शेवटच्या ओळीवर: ‘सोबतचा कागद त्याच्या बॅगेतून काढून पाठवतो, त्याले मालूम नाही.’ तेवीस वर्षांच्या मुलाची बॅग चाचपायची पाळी बापावर का आली, याचीच मला जास्त काळजी वाटते. चार एकर कोरडवाहू, कापसाचा भाव, धाकटीचं लग्न. ही भीती खरी आहे. गाव हसतं हे मात्र तिच्यात धरू नका. हाच पोरगा सकाळभर पारावर मोबाइल घेऊन बसला असता तर कुणी हसलं नसतं, तसे दहा बसलेत.

पोलीस भरतीचं म्हणाल तर १६०० मीटर त्याला जड नाही, लेखी जड आहे. जाहिरात निघाली की फॉर्म भरू द्या, आणि खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात त्याचं प्रमाणपत्र बसतं का ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा.

‘बी.पी.एड. केलं की कोच होते’ असं तुम्ही लिहिलंय. अर्धं विदर्भ असंच समजतं. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शाळेतला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक तयार करतो. सकाळची कवायत, सगळे खेळ थोडे थोडे, वार्षिक स्पर्धा. एकाच खेळातला प्रशिक्षक व्हायचं तर वाट वेगळी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, ज्याला सगळे एनआयएस म्हणतात, त्या एका खेळाचा डिप्लोमा. तिथे पदवीबरोबर खेळातली कामगिरीही बघतात. आणि स्पष्टच सांगतो, डिप्लोमा झाला म्हणून नोकरी हातात पडत नाही. कंत्राटी कामं, कमी मानधन, अशीच सुरुवात होते. हे मुलालाही ठाऊक हवं.

आता तो कागद. ‘माझे ध्येय : ऑलिम्पिक पदक विजेते कबड्डीपटू घडवणे.’ हे त्याचं नाही, कुठून तरी उतरवलेलं आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली खरी, पण पदकाचा खेळ ती तिथे आजवर झालेली नाही. आशियाई स्पर्धेत आहे, पुरुषांची १९९० पासून, बायकांची २०१० पासून. कबड्डीतल्या पोराला हे माहीत नसेल असं नाही. मोठं काहीतरी लिहावं लागतं म्हणून लिहिलं.

त्याचं खरं ध्येय तुमच्याच पत्रात आहे, तेही तक्रार म्हणून. ‘जुलैत बावीस पोरी होत्या, दिवाईपर्यंत नऊ उरल्या, हा येड्यासारखा वहीत एकेकीपुढे कारण लिहून ठेवते.’ वेचणी. लहान भावाला सांभाळते. आई नाही म्हणते. अहो भाऊ, पगारी कोचसुद्धा गैरहजेरीपुढे फुली मारून मोकळे होतात!

त्या तेरा पोरींचं काय करायचं, याचं त्याचं उत्तर काय ते मला हवंय. वेचणीतही त्या मैदानावर दिसाव्यात असं वाटत असेल तर सराव संध्याकाळी न्यावा लागेल, आयांना घरी जाऊन भेटावं लागेल, चढाई शिकवण्याआधी, इजा न होता पडायचं कसं हे शिकवावं लागेल, कारण एकीचा हात मोडला की गावातल्या सगळ्या पोरी घरी बसतात. जिल्ह्याच्या संघात दोन-तीन पोरी पोचवायच्या असतील तर आधी गाव सोडून एखाद्या जुन्या कोचच्या हाताखाली दोन वर्षं काढावी लागतील. दोन्ही कामं चांगली, पण एकाच माणसाने एकाच वेळी करायची नाहीत. निवड त्याने करायची. तुम्ही नाही, मीही नाही.

म्हणून ‘समजावा’ म्हणालात ते मी करणार नाही. पुढचं पत्र त्याने लिहावं, वहीची दोन पानं सोबत जोडून.

कागद परत पाठवतोय. त्याच्या हातात द्या, आणि तो माझ्याकडे कसा आला ते तुम्हीच त्याला सांगा.