वाचकांचे प्रश्न : जुन्या फोटोतल्या माणसाचे नाव

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी असून दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया येथील वसाहतकालीन खासगी संग्रह इंटरनेटवर पाहत आहे. मिशनरी आणि अधिकाऱ्यांच्या घरांतून आलेल्या या कागदांत स्थानिक माणसे जागोजागी दिसतात, परंतु फोटोखाली बहुधा ‘एतद्देशीय पुरुष’ किंवा ‘नोकर’ एवढेच लिहिलेले असते. अशा कागदांवरून त्या माणसांचा इतिहास लिहिता येईल का? — एक वाचक, परभणी

उत्तर : लिहिता येईल, मात्र कागद कोणी, कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी तयार केला, हे आधी पाहावे लागेल. आपल्याकडे पाटलाच्या वाड्यात टांगलेल्या जुन्या फोटोत खुर्चीवर बसलेल्यांची नावे घरातले लहान मूलही सांगते; मागे उभ्या असलेल्या सालगड्याचे नाव मात्र विचारावे लागते, आणि विचारूनही ते मिळेलच असे नाही. आफ्रिकेत हेच पुसले जाणे शास्त्राच्या आणि सरकारच्या शिस्तीने झाले.

आपण सुरुवात केपटाउनच्या ब्लीक–लॉइड संग्रहापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवतो. जर्मन भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक यांनी १८७० पासून तेथील तुरुंगातल्या खाम ही तिथल्या सान (बुशमन) लोकांची भाषा बोलणाऱ्या काही कैद्यांना परवानगी काढून आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्या तोंडून भाषा व कथा उतरवून घ्यायला आरंभ केला. १८७५ साली ब्लीक वारले, तेव्हा त्यांच्या मेहुणी लूसी लॉइड यांनी हे काम पुढे नेले. या वह्यांची पाने १२,०००हून अधिक भरतात. त्यांत काब्बो नावाचा एक वयस्क कैदी चंद्राच्या आणि ताऱ्यांच्या कथा सांगतो, आपल्याला कसे पकडले आणि केपटाउनला कसे आणले तेही सांगतो, आणि घरी परतण्याची ओढ पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो. त्याच सुमारास त्याच तुरुंगातील कैद्यांना मोजपट्टीशेजारी उघडे उभे करून त्यांचे फोटो काढण्यात आले. लंडनचे शास्त्रज्ञ हक्स्ले यांनी निरनिराळ्या वंशांची मापे जमवण्यासाठी तशी मागणी केली होती. केवळ ते फोटो उरले असते, तर ही माणसे आपल्याला देहांच्या मापांपलीकडे कळलीच नसती. खाम भाषा आज कोणी बोलत नाही, पण २००० साली दक्षिण आफ्रिकेने आपल्या राजचिन्हावरील बोधवाक्य याच भाषेत लिहिले. एक गोष्ट मात्र विसरू नये : हे सांगणारे कैदी होते, आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती होती.

लेखणी स्थानिकांच्याच हाती असलेले कागदही आहेत. नामिबियातील नामा लोकांचे पुढारी हेंड्रिक विटबोई हे आपल्या पत्रव्यवहाराच्या नकला जपून ठेवत असत. त्यांची पत्रपुस्तके २००५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत समाविष्ट झाली. ब्रिटिश आणि बोअर (दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे गोरे) यांच्या युद्धात बोअरांनी १८९९–१९०० साली माफेकिंग या गावाला घातलेल्या वेढ्यात कोर्टात दुभाषाचे काम करणारे सॉल प्लाकी यांनी ठेवलेली रोजनिशी १९७३ साली छापली गेली. ब्रिटिशांनी गाजवलेल्या त्या वेढ्यात काळ्या लोकांची उपासमार कशी झाली, हे तिच्यातून कळते.

फोटोंबाबत अधिक सावध राहावे. किंबर्लीच्या डी बिअर्स या हिऱ्यांच्या खाणींच्या कंपनीत नोकरी करणारे डगन-क्रोनिन यांचे फोटो देखणे आहेत, परंतु काही ठिकाणी माणसांना रोजच्या कपड्यांऐवजी ‘परंपरागत’ पोशाख घालायला लावून ते काढलेले आहेत. त्यांच्या शेजारी छायाचित्रकार सांटू मोफोकेंग यांनी काळ्या कुटुंबांच्या घरांतून शोधून जमवलेले १८९० ते १९५० या काळातले फोटो ठेवून पाहावेत. तिथे कोट-टाय घातलेली, स्टुडिओत स्वतःहून जाऊन बसलेली माणसे भेटतात.

प्रश्न : आमचे पणजोबा बैलगाडीने नगरच्या बाजाराला जात. तिथल्या किल्ल्यात ‘बोर’ गोरे कैदी होते, असे ते सांगत, असे आजी म्हणायची. हे खरे आहे का, आणि त्याचे काही कागद मिळतात का? — एक वाचक, आष्टी, जिल्हा बीड

उत्तर : खरे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या ब्रिटिश–बोअर युद्धात ब्रिटिशांनी पकडलेल्या बोअर सैनिकांपैकी सुमारे ९,००० जणांना हिंदुस्थानात पाठवले होते आणि अहमदनगरचा किल्ला हे त्यांना ठेवलेल्या ठिकाणांपैकी एक होते. ब्लूमफाँटेन येथील बोअर युद्धाच्या संग्रहालयात परदेशी पाठवलेल्या कैद्यांच्या आठवणी आणि त्यांनी कैदेत हाताने घडवलेल्या वस्तू जपलेल्या आहेत. कैद्यांची पत्रे सेन्सॉरच्या नजरेखालून जात, म्हणून त्यांत जे लिहिलेले नाही त्याचाही विचार करावा लागतो. बोअरांची बायकामुले तिकडे दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांनी कोंडून ठेवलेल्या छावण्यांत हजारोंनी मरण पावली. त्यांचे स्मारक १९१३ साली उभे राहिले. काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो मेले, पण त्यांची मोजदाद कित्येक दशके कोणी नीट केली नाही.

कैद्यांच्या कागदांत नगरच्या बाजारात आलेल्या गाडीवानाचे नाव असण्याचा संभव फार थोडा आहे. म्हणून आजीने सांगितलेले जसे आठवते तसे, तिच्या नावासह लिहून ठेवावे. आणि घरात पणजोबांचा एखादा फोटो असेल, तर त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने त्यांचे नाव, गाव आणि ही माहिती कोणी दिली ते आजच लिहावे.