पगार तुझ्याच नावावर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मोबाइल पुढे केलास आणि म्हणालास, "काका, ह्यातलं खरं किती?" सतरा मेसेज होते. हप्ता परत, दंड, दंडावर जीएसटी, पुन्हा हप्ता परत. चहा गार झाला तरी तू मान वर केली नाहीस. आणि जाताना, चपला घालता घालता सांगून गेलास की नव्या ठेकेदाराला मित्राचा खातेनंबर देणार आहेस. मी तेव्हा गप्प बसलो, कारण काकू समोर होती आणि तिला हा विषय नको असतो. का ते पुढे कळेल.

मित्राचा नंबर द्यायचा नाही. घाम तुझा, तर पगार तुझ्याच नावावर.

आधी झालंय काय ते बघ. जुन्या कंपनीने उघडून दिलेलं ते पगारखातं होतं, त्यात शून्य शिल्लक चालायची. नोकरी सुटली, पगार थांबला, की काही महिन्यांनी बँक त्याला साधं बचतखातं करून टाकते आणि किमान शिल्लक लागू होते. मोबाइलचा हप्ता मात्र त्याच खात्याला चिकटून राहिला. दर 5 तारखेला फायनान्सवाले तिथे हात घालतात, हाती काही लागत नाही. मग बँक दंड लावते, फायनान्सवाले आपला वेगळा. आता नवा पगार तिथे आला की बँक आधी आपले कापणार, हे तू बरोबर ओळखलंस. म्हणून मित्र. हुशारी आहे खरी. मीही हीच केली होती.

1998 साली भोसरीत माझं छोटं वेल्डिंगचं दुकान होतं. लोखंडवाल्याला दिलेला अठरा हजारांचा चेक परत आला. त्याने नोटीस धाडली असती तर चेक परत गेल्याच्या गुन्ह्यात, कलम 138 खाली, कोर्टाची पायरी चढलो असतो. भला माणूस, रोखीने थोडे थोडे घेत राहिला. पण बँकेत पाऊल टाकायची मला लाज वाटायला लागली. गिऱ्हाइकांना सांगितलं, चेक मेहुण्याच्या फर्मच्या नावाने काढा. चार वर्षं! दर शनिवारी मी त्याच्या ओट्यावर जायचो. तो चष्मा शोधायचा, पेन झटकायचा, आणि चेक लिहिण्याआधी विचारायचा, "कशाला हवेत एवढे?" माझेच पैसे, बाळा. एका दिवाळीला त्याने ते घराच्या स्लॅबमध्ये घातले. त्याच्या बाजूने ती उसनवारी होती, आणि लेखी काय होतं माझ्याकडे? पुढे मोठ्या मशीनसाठी कर्ज मागायला गेलो तर चार वर्षांची माझी कमाई शून्य. कागदावर सगळी त्याची.

पोरं लहान होती, मान वर काढायला जागा नव्हती, दुसरा मार्गच नव्हता, असं मी आजही सांगतो. खोटं आहे ते. शाखा बसथांब्यासमोरच होती. शेवटी गेलो, तर हजार-बाराशे भरून सुटलो. ज्या साहेबांना तोंड दाखवायचं नव्हतं त्यांची बदली होऊन तीन वर्षं झाली होती.

तेव्हा तू शाखेत जा. स्टेटमेंट माग आणि खातं उणे 2,140 दाखवतंय ते कशाकशाचे ते विचार. नुसती किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून लावून खातं उणे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. हप्ता परत गेल्याचा दंड वेगळा, तो तुझाच. थोडा माफ करा म्हणायला मात्र लाजू नकोस. बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण आधी तोंड उघड.

हप्ता थेट फायनान्सच्या ऑफिसात भर आणि पावती घे. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, तो दिसतो. बचतखातं उघडायला सिबिल लागतं, हे तुला कोणी सांगितलं? दुसऱ्या बँकेत जाऊन बेसिक बचतखातं माग. जनधन त्याच जातीचं. किमान शिल्लक नाही, महिन्यातून चार वेळा तरी पैसे काढता येतात, एटीएम कार्ड फुकट. खिडकीवर "तसलं नाही आमच्याकडे" म्हणाले तर सरळ मॅनेजरच्या टेबलाशी जायचं. खातं तुझ्या नावाचं, म्हणून पगार तुझ्या नावावर. परत परत सांगतोय ना? ऐकायचा कंटाळा आला तरी चालेल.

मित्र चांगलाच असेल. पण उद्या त्याच्या खात्यात कुठल्या ऑनलाइन फसवणुकीचे पैसे येऊन पडले आणि पोलिसांनी ते गोठवलं, तर तुझा पगारही आत. त्याचा हप्ता तुझ्या पगारातून गेला, तर भांडशील कुणाशी? आणि पीएफ काढशील तेव्हा तुझ्याच नावाचं खातं मागतील, मित्राचं चालणार नाही.

काकू आजही भाऊबीजेला एकटीच जाते. मी जात नाही. चूक माझीही आहे, पण जात नाही.

मंगळवारी साडेदहाला तुझ्या जुन्या शाखेच्या दारात मी उभा असेन. आधार, पॅन, पासबुक आण. ठेकेदाराला नंबर देऊन बसला असशील तर आजच फोन करून थांबव.

तुझा,
काका