१२ एप्रिलच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे

भाऊ,

मधुमेह, वर्षानुवर्षांची विडी, चालताना पोटऱ्या भरून येणं, मग एके दिवशी पाय गार पडणं, धावपळ, शस्त्रक्रिया आणि तरीही पाय कापावा लागणं. यावल, शिरपूर, शहाद्याकडून अशी पत्रं येतच असतात. चोपडा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र एका बाबतीत वेगळं आहे. तुमच्या हातात अजून थोडे दिवस शिल्लक आहेत. बहुतेकजण लिहितात तेव्हा तेवढेही उरलेले नसतात. म्हणून तुमच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या क्रमाने देत नाही.

इतर वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगतो. १२ एप्रिल २०२४ ला सकाळी दहाच्या सुमारास केळीच्या बागेत तुमच्या आबांचा उजवा पाय एकाएकी दुखायला लागला, मग गार आणि बधिर झाला. दुपारी दोनला तुम्ही त्यांना जळगावच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. कमरेत नस दबली आहे असं सांगून तिथे सलाईन आणि दुखणं थांबवायची इंजेक्शनं चालू झाली. डॉप्लर, म्हणजे पायात रक्त वाहतं का हे पाहणारी सोनोग्राफी, झाला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पायाची रक्तवाहिनी बंद आहे हे तेव्हा कळलं आणि १४ तारखेच्या पहाटे तुम्ही नाशिक गाठलं. तिथल्या सर्जननी गुठळी काढली, पण २४ एप्रिलला गुडघ्याच्या वरून पाय काढावाच लागला. त्यानंतर आजपर्यंत तुम्ही पहिल्या रुग्णालयाशी बोलणी करत आलात, एक रजिस्टर पत्र पाठवलंत, गेल्या दिवाळीत ‘बिलाचं काहीतरी बघू’ असं ऐकून परत आलात, आणि आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की वकील लावायचा असं तुमच्या घरात ठरलं आहे.

आखाजीपर्यंत थांबलात तर प्रकरण हातातून गेलं असं समजा. ती यंदा १२ एप्रिलनंतर येते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. सगळा प्रश्न ‘कारण घडलं कधी’ याचा आहे. तुम्ही पाय कापल्याचा दिवस, म्हणजे २४ एप्रिल, धरून हिशेब मांडलात. रुग्णालयाचा वकील तसा मांडणार नाही. तो म्हणेल, तुमचा आरोप आहे की १२ तारखेला निदान चुकलं, मग कारण १२ लाच घडलं. आणि तुमच्याच पत्रात आहे की १४ च्या सकाळी नाशिकच्या डॉक्टरांनी तुम्हाला ‘काल आणायला हवं होतं’ असं सांगितलं. म्हणजे चूक कळल्याची तारीखही २४ नव्हे, १४. ग्राहक आयोग यातली कोणती तारीख मानेल हे मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि सांगण्याची गरजही नाही. सगळ्यांत आधीची धरा. १२ एप्रिल २०२६ ला रविवार आहे आणि १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी दाखल करता येतं, पण एवढ्या मोठ्या नुकसानीची तक्रार त्या सवलतीच्या भरवशावर ठेवू नका. मार्च संपायच्या आत ती आयोगात पोचली पाहिजे.

मी घाबरवतो आहे असं वाटत असेल तर मुंबईतलं एक प्रकरण सांगतो. १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईंच्या पोटात गॉजचा तुकडा राहिला होता. तो सापडला २००२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली. शस्त्रक्रियेनंतर त्यांना सतत त्रास होत होता, तरी इतकी वर्षं त्यांनी त्याचा छडा लावला नाही, हे कारण दिलं गेलं. पोटात गॉज राहिला होता, तरीही. इजा दिसत नसेल तर मुदत ती कळल्यापासून मोजतात, पण दिसत असेल तर घडल्या दिवसापासूनच, हे त्या निकालाने पक्कं केलं. तुमची इजा तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत होती.

तुमच्या रजिस्टर पत्राने मुदत वाढलेली नाही. रुग्णालयाच्या उत्तराने नाही, दिवाळीतल्या आश्वासनानेही नाही. पत्रव्यवहार कितीही झाला तरी कलम ६९ चं घड्याळ थांबत नाही. हे मी इतक्यांदा लिहिलं आहे की आता लिहिताना राग येतो, तुमचा नव्हे इतका, जितका त्या ‘बघू, करू’ म्हणत दोन वर्षं काढायला लावणाऱ्यांचा. पण तुम्हीही शेतीचे व्यवहार करणारे आहात. केळीचा व्यापारी तोंडी बोलीवर माल उचलायला आला तर तुम्ही कागद मागता. इथे वडिलांच्या पायाचा प्रश्न होता आणि एकही आश्वासन लेखी घेतलं नाहीत.

उशीर माफ करायची तरतूद त्याच कलमात आहे, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. आहे, पण पुरेसं कारण द्यावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. ‘बोलणी चालू होती’ हे कारण सहसा टिकत नाही. आणि टिकलं तरी त्या एका अर्जावरच कित्येक महिने जातात. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वैद्यकीय प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहतात, कधी सदस्यांची पदं रिकामी म्हणून, कधी तज्ज्ञाचं मत येत नाही म्हणून. पाय गमावलेल्या माणसाला तारखांवर तारखा देणं हा अन्याय आहे आणि मी ते आयोगासमोर उभा राहूनही म्हणतो. त्या दिरंगाईत आपल्या बाजूने एका अर्जाची भर घालू नका.

तक्रारीआधी वकिलाची नोटीस पाठवणं कायद्याने बंधनकारक नाही. कुणी ‘आधी नोटीस देऊ, महिनाभर वाट पाहू’ म्हणाला तर नको म्हणा. तडजोड करायची असेल तर ती तक्रार दाखल झाल्यावर आयोगाच्या मध्यस्थी कक्षातही होते, आणि तिथे जे ठरतं ते कागदावर येतं.

आता कागद. पहिल्या रुग्णालयातलं तुमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आणि बिलं आहेत, पूर्ण केसपेपर तुम्ही मागितलेच नाहीत. उद्याच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं त्या जपून ठेवाव्या लागतात. दिल्या नाहीत तर अर्जाची पोच हाच तुमचा पुरावा. पण नोंदी मिळेपर्यंत तक्रार अडवून धरू नका. त्या नंतर मागवून घेता येतात.

त्या केसपेपरमध्ये मला नर्सच्या नोंदी हव्या आहेत, १२ च्या दुपारपासून १३ च्या संध्याकाळपर्यंतच्या, तासागणिक. पावलावरची नाडी कुणी पाहिली का? पाहिली तर लागली का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या रात्री आबांची पायाची बोटं हलत होती का, स्पर्श कळत होता का? रक्तपुरवठा अचानक थांबला की साधारण सहा तासांनंतर स्नायू आणि नसा कायमच्या खराब होऊ लागतात. तुम्ही रुग्णालयात पोचलात तेव्हा चार तास झाले होते. संवेदना आणि हालचाल शिल्लक असेल तर तो पाय वाचवण्याजोगा मानतात. दोन्ही पूर्ण गेली असतील आणि स्नायू कडक झाला असेल तर गुठळी काढूनही उपयोग होत नाही. म्हणून बोटं हलत असल्याची नोंद निघाली तर ते दीड दिवस थेट रुग्णालयाच्या अंगावर येतात. आणताच पाय निर्जीव होता अशी नोंद निघाली तर तुमची बाजू बरीच कमजोर होते, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ते म्हणतील, रुग्ण विड्या ओढायचा, साखर वाढलेली, रक्तवाहिन्या आधीच खराब, पाय जाणारच होता. याला उत्तर आहे. रक्तवाहिनी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली असेल तर शरीर आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून वाट काढतं, आणि अशा माणसाचा पाय मुख्य वाहिनी अचानक बंद पडल्यावरही पुष्कळदा थोडा जास्त वेळ तग धरतो. आबांना पोटऱ्या भरून यायचा त्रास आधीपासून होता. म्हणजे ज्या आजाराकडे ते बोट दाखवतील त्याच आजारामुळे वेळ कदाचित थोडा जास्त होता. हे कोर्टात वकिलाने म्हणून चालत नाही, रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं लेखी मत लागतं. आपल्या भागात असे सर्जन मोजके, आणि एकमेकांविरुद्ध लिहायला कुणी धजत नाही. धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवावं असा अर्ज आयोगात देता येईल. चुकीच्या आजाराचे उपचार केल्याच्या हैदराबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की दर वेळी तज्ज्ञ लागतोच असं नाही. तुमच्या प्रकरणात निदान चुकलं एवढं कदाचित त्याच्याशिवायही दाखवता येईल. आधी पाठवलं असतं तर पाय वाचला असता, हे मात्र तज्ज्ञाशिवाय सिद्ध होणार नाही.

औषधांची बिलं फेकली नसतील तर हेपॅरिनचं पहिलं बिल शोधा. रक्त गोठू नये म्हणून अशा रुग्णाला हे औषध लगेच सुरू करतात. बिलावर तारीख असते, संगणकाच्या बिलावर बहुधा वेळही. ते १३ च्या संध्याकाळचं निघालं तर रुग्णालयाला आजार कधी उमगला हे त्यांचंच मेडिकल स्टोअर सांगेल. डॉप्लरच्या रिपोर्टवरची वेळ आणि अँब्युलन्सची पावतीही जपा. आणि नाशिकला नेताना तुम्ही कशावर सही केलीत ते आठवा. ‘नातेवाईक स्वतःच्या इच्छेने नेत आहेत’ असं छापलेलं असेल तर त्या सहीची परिस्थिती तक्रारीतच लिहावी लागेल.

नाशिकच्या सर्जनविरुद्ध तक्रार करायची का, हा तुमचा पहिला प्रश्न होता. गुठळी काढून भागवलं, बायपास (बंद वाहिनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया) केली नाही, म्हणून निष्काळजीपणा असं तुमच्या मेहुण्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. बारीक फुगा लावलेली नळी घालून गुठळी ओढून काढायची पद्धत फोगर्टींनी १९६३ मध्ये मांडली, ती आजही मान्य आहे. आणि जुनाट, पाय धोक्यात आलेल्या रुग्णांमध्येसुद्धा आधी बायपास करावी की नळीवाटे वाहिनी उघडावी यावर मोठे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय या १,८३० रुग्णांच्या अभ्यासात, बायपाससाठी वापरायची पायाची शीर चांगली असलेल्यांमध्ये मृत्यू किंवा पायाची गंभीर गुंतागुंत बायपास गटात ४२.६ टक्के आणि नळीच्या गटात ५७.४ टक्के निघाली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या बॅसिल-२ मध्ये, गुडघ्याखालच्या वाहिन्यांच्या आजारात, उलटं निघालं. मृत्यू किंवा पाय कापावा लागणं बायपासमध्ये ६३ टक्के, नळीच्या उपचारात ५३. निष्णात हातांतही निम्म्याच्या आसपास रुग्णांची ही गत होते. जिथे डॉक्टरांमध्येच दोन मान्य मतं आहेत तिथे एक निवडलं म्हणून न्यायालय कुणाला दोषी धरत नाही. शस्त्रक्रिया फसली, एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही.

शिवाय १४ एप्रिलला पाय कोणत्या अवस्थेत पोचला याची नोंद त्या सर्जननीच केली आहे. त्यांना आरोपीच्या बाकावर बसवलंत तर तुमचा सर्वांत उपयोगी साक्षीदार स्वतःच्या बचावात गुंतेल. काही वकील सगळ्यांनाच पक्षकार करतात. मी त्यांना फार तर औपचारिक पक्षकार करीन, त्यांच्याकडून काही न मागता. नाशिकचा उपचार जनआरोग्य योजनेतून झाला याने पहिल्या रुग्णालयाविरुद्धच्या तक्रारीला बाधा येत नाही, तिथे तुम्ही रोख पैसे भरले आहेत.

तक्रार जळगावच्या जिल्हा आयोगातच होईल. तुम्ही जिल्ह्यात राहता एवढं त्यासाठी पुरतं. फी तुम्ही मागत असलेल्या भरपाईवर नाही, रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरते, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. वीस लाख मागा किंवा चाळीस, त्याने फी बदलत नाही. किती मिळेल ते मी सांगणार नाही. आबांचं वय, सातबारा, केळीच्या पट्ट्या, बागेत आता लावावी लागणारी मजुरी, कृत्रिम पायाचा खर्च, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यांवर ते ठरेल.

पोलिसांत जायचं की नाही याचा निर्णय आत्ता करू नका. डॉक्टरवर गुन्हा नोंदवण्याआधी दुसऱ्या, शक्यतो शासकीय डॉक्टरचं मत घ्यावं आणि निष्काळजीपणा घोर असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात घालून दिलं आहे. घटना जुलै २०२४ च्या आधीची असल्याने जुनी दंडसंहिता लागेल आणि निष्काळजीपणाने गंभीर इजा केल्याच्या कलमाची मुदत माझ्या मते तीन वर्षांची आहे. तोवर केसपेपर हातात येतील.

एक शेवटचं. तक्रारदार तुम्ही नाही, आबा आहेत. तक्रार, शपथपत्र आणि वकीलपत्र त्यांच्या नावाने आणि त्यांच्या सहीने झालं पाहिजे. त्यांना तालुक्याला नेणं जमत नसेल तर नोटरीला घरी बोलवा. ई-जागृति पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. दाखल झाल्याचा क्रमांक आला की मला कळवा, मग नर्सच्या नोंदींवर बोलू.